फरक कानाला कळतो की नाव वाचून जाणवतो?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी संगीत ऐकण्याच्या बदललेल्या सवयींवर एक लेख आला होता. मोबाइलवर एमपीथ्री ऐकून नव्या पिढीचे कान बिघडले आहेत, आणि मूळ सीडीतला सूर व कॉम्प्रेस केलेल्या फाइलमधला सूर यांतला फरक कोणत्याही तयार कानाला पहिल्या आवर्तनातच कळतो, असे त्यात ठामपणे म्हटले होते. लेखकाच्या संगीतप्रेमाविषयी मला शंका नाही. माझी हरकत ‘कोणत्याही’ आणि ‘पहिल्या आवर्तनातच’ या दोन शब्दप्रयोगांना आहे. पत्र जरा लांबले आहे. जागेच्या सोयीने काटछाट केलीत तरी चालेल, फक्त आकडे तेवढे राहू द्यावेत.

मी संगीतकार नाही. नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात ३४ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. मायक्रोमीटर हातात धरून माप वाचणे हेच काम. तिथे एक गोष्ट फार लवकर शिकायला मिळाली: जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला तुकडा, कोणाच्या मशीनवरून आला आहे हे तपासणाऱ्याला कळले, की माप बदलते. तो लबाडी करतो असे नव्हे. ज्या ऑपरेटरवर आपला भरवसा असतो, त्याचा जॉब मोजताना मायक्रोमीटरवर बोटांचा दाब नकळत निराळा पडतो आणि एखाद-दुसऱ्या मायक्रॉनने निकाल इकडचा तिकडे होतो. म्हणून आमचे साहेब अधूनमधून तोच जॉब नंबर बदलून पुन्हा तपासायला पाठवत. पहिल्यांदा ‘पास’ केलेला तुकडा दुसऱ्यांदा ‘रिजेक्ट’ करून मीही बोलणी खाल्ली आहेत. कानाने माप घ्यायचे असेल, तर तिथेही हाच बंदोबस्त हवा.

आधी शब्दाचा घोळ निस्तरायला हवा, कारण सदर लेखात ‘कॉम्प्रेशन’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला गेला आहे. एक कॉम्प्रेशन फाइलचा आकार कमी करते. दुसरे ध्वनिमुद्रण करणारा अभियंता जाणूनबुजून करतो: हळू आवाज वर उचलायचा, मोठा आवाज दाबायचा, म्हणजे सगळेच एकसारखे जोरात ऐकू येते. अलीकडची पुष्कळ गाणी सपाट आणि कान थकवणारी वाटतात ती मुख्यतः या दुसऱ्या प्रकारामुळे, आणि तो सपाटपणा महागड्या सीडीवरही तसाच असतो. गणपतीच्या मिरवणुकीत नाशिक ढोलाचे पथक समोरून जाताना छातीत जो ठोका बसतो, तो त्याच्या आधीच्या शांततेच्या तुलनेने बसतो. ती शांतताच वर उचलून ढोलाच्या पातळीला आणून ठेवली, तर फाइल कितीही मोठी असो, ठोका गेलाच. हा दोष एमपीथ्रीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. या पत्रात मी फक्त पहिल्या, म्हणजे फाइल लहान करणाऱ्या कॉम्प्रेशनविषयी लिहितो आहे.

सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. एका मिनिटाला १० मेगाबाइटहून अधिक जागा लागते. फ्लॅकसारख्या पद्धती ही माहिती घडी घालून ठेवतात. पैठणीची घडी उलगडली की पैठणी जशीच्या तशी, तसेच इथे उलगडल्यावर बिटाचाही फरक राहत नाही, पण जागा मात्र बहुधा निम्म्या ते साठ टक्क्यांवर येते. त्यामुळे ‘कॉम्प्रेस केलेले ते सगळे बिघडलेले’ हे विधान फ्लॅकच्या बाबतीत सरळ चूक आहे. एमपीथ्री आणि त्यानंतर आलेली एएसी यांचे काम वेगळे आहे. १२८ किलोबिटची एमपीथ्री मूळ माहितीच्या अकराव्या हिश्शात बसते, आणि ती तशी बसते कारण उरलेली माहिती कायमची टाकून दिलेली असते.

काय टाकायचे हे मात्र आंधळेपणाने ठरत नाही. रविवार कारंजावर ढोल वाजत असताना शेजारच्या दुकानात गल्ल्यात पडलेल्या नाण्याचा आवाज आपल्याला येत नाही. तो हवेत असतो, पण कान त्याची नोंद घेत नाही. मोठ्या आवाजाच्या आसपासच्या वारंवारतेचे लहान आवाज त्याच्याखाली झाकले जातात, आणि मोठा आवाज थांबल्यावरही शंभर-दीडशे मिलिसेकंद ते झाकण थोडेफार टिकते. एमपीथ्री आवाजाचे ५७६ वारंवारता-पट्टे करते आणि प्रत्येक पट्ट्यात किती ढोबळपणा खपून जाईल याचा हिशेब मांडते. गणित ढोबळ केल्याने जी खरखर निर्माण होते, ती झाकणाखाली राहील एवढीच ठेवायची, हे सगळे कसब आहे. झाकण पुरले तर काहीच ऐकू येत नाही. अपुरे पडले तर येते. म्हणजे ‘फरक ऐकू येतो का’ या प्रश्नाचे उत्तर कोणते संगीत, किती किलोबिट, कोणता एन्कोडर (म्हणजे फाइल लहान करणारा प्रोग्रॅम) आणि कोणाचे कान यांवर अवलंबून आहे. ते एका ‘हो’त किंवा ‘नाही’त सांगता येत नाही.

ज्यांनी ही पद्धत बांधली त्यांना हे पुरेपूर ठाऊक होते. जर्मनीतल्या एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम केले. फाइलनावाच्या शेवटी लागणारी ‘एमपीथ्री’ ही अक्षरे १९९५च्या जुलैत ठरली. सुझान व्हेगा या अमेरिकी गायिकेचे वाद्यांच्या साथीशिवाय गायलेले एक गाणे ब्रांडेनबुर्ग यांनी कसोटीसाठी घेतले, तेव्हा सुरुवातीच्या आवृत्तीत त्या आवाजाची पार दुर्दशा झाली होती. एकट्या उघड्या आवाजामागे लपायला जागाच नसते. दुसरी कुप्रसिद्ध कसोटी स्पॅनिश कॅस्टनेट्सची, म्हणजे आपल्या चिपळ्यांच्या चुलत बहिणींची. एमपीथ्री आवाज तुकड्यातुकड्याने घेते. एक तुकडा १,१५२ नमुन्यांचा, साधारण २६ मिलिसेकंदांचा. चिपळीचा टणत्कार अशा तुकड्याच्या मध्यावर आला, तर त्याची खरखर अख्ख्या तुकड्यात पसरते, म्हणजे टणत्काराच्या आधीच्या शांततेतही. झाकण ठोक्यानंतर दीडशे मिलिसेकंद पुरते, ठोक्याच्या आधी मात्र जेमतेम काही मिलिसेकंदच. त्यामुळे ठोक्याच्या अगोदर त्याची पुसट चाहूल ऐकू येते. हिला पूर्वपडसाद म्हणू. चांगले एन्कोडर अशा जागी लहान तुकडे घेऊन हा दोष आटोक्यात ठेवतात, पण पूर्ण घालवत नाहीत.

हे वाचून झाल्यावर मला स्वतःचे कान तपासण्याची हुक्की आली. भाचा चोवीस वर्षांचा आहे, दहा वर्षे तबला शिकतो आहे, आणि लॅपटॉपवरची सगळी खटपट त्यानेच केली. माझ्याकडच्या दोन जुन्या सीडी घेतल्या: एक ख्यालाची, दुसरी एकल तबलावादनाची. त्यांतले अर्ध्या मिनिटाचे तुकडे काढून ६४, १२८ आणि २५६ किलोबिटच्या एमपीथ्री केल्या, आणि त्या पुन्हा सीडीच्याच स्वरूपात उलट फिरवल्या, म्हणजे फाइलचा आकार किंवा नाव पाहून काही कळू नये. आवाजाची पातळी एकसारखी आहे याची खात्री केली. हेडफोन वायरचा. आता खरी गंमत ती पुढे.

चाचणी सुरू करण्याआधी, नुसती ओळख व्हावी म्हणून, मी भाच्याला म्हटले की आधी सीडी लाव, मग १२८ची लाव, मी टिपून ठेवतो. ती वही अजून टेबलावर आहे. त्यात माझ्या हस्ताक्षरात लिहिले आहे: ‘सीडी – तानपुरा मोकळा, तबल्याला खोली, गवयाचा श्वास ऐकू येतो. १२८ – सूर दबलेला, तानपुरा जरा पत्र्यासारखा.’ वही मिटल्यावर भाचा चाचरत म्हणाला, “मामा, मी दुसऱ्या वेळी फाइल बदलायला विसरलो. दोन्ही वेळा सीडीच वाजली.” मी वही पुन्हा उघडून पाहिली. पत्र्यासारखा तानपुरा मला खरोखर ऐकू आला होता. मी खोटे लिहिले नव्हते. तपासणी विभागातली ३४ वर्षे तेव्हा डोळ्यांसमोरून गेली, आणि साहेबांची ती नंबर बदलून जॉब पाठवण्याची खोड किती शहाणपणाची होती ते पुन्हा एकदा पटले.

त्यानंतर आम्ही रीतसर पद्धत वापरली. तिला एबीएक्स चाचणी म्हणतात. कल्पना १९५०मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी मांडली आणि १९८२मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी ध्वनी अभियंत्यांसाठी तिचे उपकरण व पद्धत यांवर शोधनिबंध लिहिला. आता ती फूबार-२००० नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्लेअरमध्ये जोडता येते. ‘अ’ म्हणजे मूळ, ‘ब’ म्हणजे कॉम्प्रेस केलेली, आणि ‘क्ष’ या दोघांपैकीच एक, पण कोणती ते संगणक सांगत नाही. तिन्ही हवे तितक्या वेळा ऐका, आणि क्ष कोणती ते सांगा. असे १६ वेळा. नुसत्या अंदाजाने आठच्या आसपास उत्तरे बरोबर येणारच. १६ पैकी १० किंवा जास्त निव्वळ नाणेफेकीने येण्याची शक्यता सुमारे २३ टक्के असते, म्हणजे त्यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही. १२ किंवा जास्त येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत येते, आणि तिथून पुढे ‘याला काहीतरी ऐकू येते आहे’ असे म्हणायला आधार मिळतो.

६४ किलोबिटची फाइल सगळ्यांनी ओळखली. सौभाग्यवतींनी तर हेडफोन न लावता, स्वयंपाकघराच्या दारातून, स्पीकरवर ऐकून ओळखली. गाण्यात नव्हे, बंदिश संपल्यावरच्या टाळ्यांत. “टाळ्या वाजताहेत की कढईत पुऱ्या सोडल्या?” हे त्यांचे शब्द. नंतर कळले की टाळ्या हा कॉम्प्रेशन तपासणाऱ्यांच्या आवडत्या अवघड नमुन्यांपैकी एक आहे: शेकडो बारीक ठोके, एकही दुसऱ्यासारखा नाही, कुठे झाकण घालावे हेच गणिताला कळत नाही.

१२८ला चित्र पालटले. भाच्याने एकल तबल्याचा तुकडा १६ पैकी १५ वेळा ओळखला. कसा, ते त्याने दाखवले. चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, ‘ना’ हा बोल जिथे एकटा, सुटा येतो, तिथला जेमतेम एका सेकंदाचा भाग तो पुन्हा पुन्हा वाजवत होता, आणि त्या ‘ना’ची कड घासलेल्या पैशासारखी झाली आहे असे म्हणत होता. तो पूर्वपडसाद होता. त्याने दाखवल्यावर मलाही एकदा-दोनदा आल्यासारखा वाटला, आणि ‘आल्यासारखा वाटणे’ म्हणजे काय हे मी वर सांगितलेच आहे. पण ख्यालाच्या तुकड्यात, तानपुरा, पेटी आणि गळा एकत्र असताना, त्याच भाच्याची ९ उत्तरे बरोबर आली. माझी तबल्यावर १०. शेजारचे काका ७४ वर्षांचे, पन्नास वर्षे पेटी वाजवणारे, त्यांची ८. “सूर तोच आहे रे, मग मी काय ओळखू?” असे म्हणून ते उठले. पेटीवाल्याच्या दृष्टीने हा आक्षेप अगदी रास्त आहे.

२५६ किलोबिटला भाच्याने तीन संध्याकाळी प्रयत्न केला. पहिल्या दिवशी ९, दुसऱ्या दिवशी ११. अकरा आल्यावर तो उडालाच. तिसऱ्या दिवशी ७. एकूण ४८ पैकी २७, म्हणजे हातात काही नाही. यावरून जगात कोणालाच २५६ किलोबिटचा फरक कळत नाही असे मी म्हणत नाही. एन्कोडर तयार करणाऱ्यांकडे असे सराईत लोक असतात की नेमका दोष कुठे शोधायचा ते त्यांना माहीत असते, आणि निवडक अवघड नमुन्यांवर ते वरच्या किलोबिटलाही अचूक बोट ठेवतात. पण ते लोक संगीत ऐकत नसतात, दोष शोधत असतात. माझा भाचाही तबला ऐकत नव्हता. एका ‘ना’कडे भिंग लावून बसला होता.

वयाचा मुद्दा लेखात पूर्णपणे निसटला आहे. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो हे पाठ्यपुस्तकातले वाक्य तरुण, निरोगी कानाचे आहे. वय वाढते तसे वरचे टोक खाली येते. बहुतेक एन्कोडर १२८ किलोबिटला साधारण १६ ते १७ हजार हर्ट्झच्या वरचा भाग सरळ कापून टाकतात, आणि ‘तयार कान’वाले अनेकदा याच कापाकापीविषयी हळहळतात. भाच्याने लॅपटॉपवरून शुद्ध स्वर चढत्या क्रमाने वाजवले. साडेदहा हजारांच्या पुढे मला शांतता. मी स्पीकर बंद पडला म्हणून वायर हलवून पाहत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून बारा वर्षांची नात कानांवर हात ठेवून आली: “आजोबा, बंद करा ना ते, कानात टोचतंय!” तेव्हा १६ हजार वाजत होते. साठीच्या पुढच्या आम्हा मंडळींनी सोळा हजारांच्या वरचे काही हरवल्याबद्दल शोक करणे म्हणजे न पाहिलेल्या नातेवाइकाचे सुतक पाळण्यासारखे आहे.

आता दुकानांविषयी. गेल्या दिवाळीत शहरातल्या एका दुकानात ‘हाय-रेझोल्यूशन’ प्लेअरचे प्रात्यक्षिक पाहिले. विक्रेत्याने आधी साध्या फोनवरून एक भावगीत ऐकवले, मग तेच महागड्या यंत्रावरून. दुसऱ्या वेळी सगळ्यांच्या माना डोलल्या, माझीही. पण माझ्या फोनमध्ये ध्वनिपातळी दाखवणारे अॅप आहे. ते मी काउंटरवर त्याच जागी ठेवून दोन्ही वेळा पाहिले होते, आणि दुसऱ्या वेळी आवाज ३ डेसिबलने जास्त होता. एवढी वाढ ‘जास्त मोठे’ म्हणून लक्षात येईलच असे नाही, ती ‘जास्त चांगले’ म्हणून जाणवते, कारण आवाज वाढला की खालचे आणि अगदी वरचे सूर कानाला तुलनेने अधिक भरीव लागतात. म्हणून गंभीर चाचण्यांमध्ये दोन्ही बाजूंची पातळी डेसिबलच्या दहाव्या हिश्शापर्यंत जुळवून घेतात. मी विक्रेत्याला पातळी सारखी करून पुन्हा ऐकवण्याची विनंती केली. त्यांनी मला चहा विचारला. चहा चांगला होता. प्रात्यक्षिक मात्र पुन्हा झाले नाही.

सीडीहून वरच्या दर्जाचे म्हणून जे विकले जाते, त्याबद्दल दोन प्रसिद्ध निष्कर्ष सांगून पुढे जातो. २००७मध्ये मेयर आणि मोरन यांनी अमेरिकेतल्या ध्वनी अभियांत्रिकी संस्थेच्या नियतकालिकात एक अभ्यास छापला. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत गुपचूप सीडीच्या दर्जाची पायरी घातली तर ऐकणाऱ्यांना कळते का, हे त्यांनी पाहिले. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निम्म्याला किंचित कमी. २०१६मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांतले साडेबारा हजारांहून अधिक प्रयत्न एकत्र करून पाहिले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांमध्ये ते याहून वर गेले. शून्य फरक नाही, हे मान्य करायला हवे. पण तो ‘पहिल्या आवर्तनातच’ कळणारा फरक नव्हे, हेही तितकेच उघड आहे. अॅपलने २०२१मध्ये लॉसलेस, म्हणजे फ्लॅकसारखे काहीही न टाकलेले, संगीत जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या एएसी फाइलमधला आणि लॉसलेसमधला फरक जवळपास ओळखू न येण्याजोगा आहे, असे त्यांच्याच मदतपानावर लिहिले होते. विकणाराच असे सांगत असेल तर आपण कशाला हट्ट धरावा!

शिवाय लॉसलेस वर्गणी भरून बहुतेक मंडळी ब्लूटूथ हेडफोन लावतात. बहुतेक ब्लूटूथ जोडण्यांमध्ये फोन ती सगळी माहिती हवेतून पाठवण्याआधी पुन्हा माहिती टाकणाऱ्या पद्धतीनेच कॉम्प्रेस करतो. म्हणजे दुकानातून अख्खे दूध आणायचे आणि उंबरठ्यावर साय काढून मग आत न्यायचे. त्यापेक्षा तेच पैसे बऱ्या वायरच्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर खर्च केले, किंवा स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून काढून समोर आणून ठेवले, तर जो फरक पडेल तो नावे झाकूनही १६ पैकी १६ वेळा ओळखता येईल. हे मी घरी करून पाहिले आहे, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

इतके सगळे लिहिल्यावर मी एमपीथ्रीचा वकील झालो आहे असे कोणाला वाटेल. तसे नाही, आणि नाशिककरांना जी गोष्ट मला मुख्यतः सांगायची आहे ती इथेच येते. ऐकण्यासाठी काय पुरेसे आहे आणि जपण्यासाठी काय हवे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. या गावात पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधाराश्रम उभारला. त्यांचे चिरंजीव पं. द. वि. पलुस्कर १९५५मध्ये वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी गेले, आणि आज त्यांचे गाणे आपल्यापर्यंत आहे ते साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आणि आकाशवाणीची मुद्रणे कोणीतरी जपली म्हणून. त्या तबकड्यांची खरखर सोसून आपण ऐकतो. किलोहर्ट्झ कोणी मोजत नाही. मात्र त्या खरखरीवर आणखी एक थर आपण आपल्या हाताने चढवतो आहोत. जुन्या मैफलीची कॅसेट कोणीतरी फोन समोर धरून मुद्रित करतो, ती एएसी होते. कोणी तिला छायाचित्रे जोडून व्हिडिओ करतो, तेव्हा पुन्हा कॉम्प्रेशन. तो समूहावर टाकला की आणखी एकदा. कोणी त्यातून आवाज काढून एमपीथ्री करतो, ती चौथी वेळ. प्रत्येक पायरीला गणित गृहीत धरते की आपल्याला मूळ आवाज मिळाला आहे, आणि आधीच्या पायरीने झाकणाखाली ठेवलेली खरखर ही संगीताचा भाग समजून तिच्यावर नवे झाकण बेतते. चौथ्या पायरीला तानपुरा पाण्याखालून वाजल्यासारखा होतो, आणि हे ओळखायला तबला शिकावा लागत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखाच हा प्रकार आहे.

नाशिकच्या जुन्या वाड्यांमध्ये, पंचवटीत, भद्रकालीत, मेन रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये अशा कितीतरी कॅसेटी माळ्यावर पडून असतील: घरगुती बैठका, देवळातली कीर्तने, पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेची मुद्रणे, एखाद्या आजीच्या ओव्या. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्यांच्या आयासा या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका अशा मुद्रणांसाठी किमान ४८,००० नमुने आणि २४ बिट, तेही कॉम्प्रेस न करता, सांगते. कोणी म्हणेल, कॅसेटमध्ये मुळातच एवढे काही नसते, मग हा बडेजाव कशाला? कारण पुढे कोणी त्यातली खरखर काढू पाहील, वेग दुरुस्त करू पाहील, तेव्हा त्याला टाकून दिलेली माहिती लागेल. ‘कानाला ऐकू येत नाही’ हा निकष ऐकण्यापुरता खरा आहे. गणिताने आवाज दुरुस्त करणाऱ्याला झाकणाखालचेही दिसते, आणि ते नसले की त्याची दुरुस्ती बिघडते. एका तासाच्या कॅसेटला या दर्जात एक गिगाबाइटच्या आसपास जागा लागते, आणि फ्लॅकने घडी घातली तर त्याहून बरीच कमी. आजच्या काळात हा काही खर्च नव्हे. समूहावर पाठवायला तिची एमपीथ्री खुशाल करावी. मूळ मात्र जपून ठेवावे, आणि टेप पुसून दुसरे काही भरू नये, हे तर सांगायलाच नको.

माझ्या थोरल्या बंधूंनी १९८०च्या दशकात भरलेल्या अकरा कॅसेटी आमच्याकडे आहेत. त्यांतल्या सात भाच्याने या पद्धतीने उतरवून झाल्या. सातवीच्या दुसऱ्या बाजूला, तबल्याची थाप पडण्याच्या साधारण दोन सेकंद आधी, तीच थाप अगदी पुसट ऐकू येते. भाचा दचकला आणि म्हणाला, “मामा, हा पूर्वपडसाद बघा, आपण फ्लॅक केली तरी कसा आला?” त्याचा कान बरोबर होता, कारण मात्र वेगळे निघाले. एमपीथ्रीचा पूर्वपडसाद काही मिलिसेकंदांचा असतो, सेकंदांचा नव्हे. ही थाप पस्तीस-चाळीस वर्षे गुंडाळून पडलेल्या टेपच्या एका वेढ्याचा चुंबकीय ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटल्यामुळे आली आहे. ती काढून टाकावी का, असे त्याने विचारले. मी नको म्हटले. उरलेल्या चार कॅसेटी दिवाळीच्या सुट्टीत उतरवायच्या आहेत. त्यांतल्या दोघींची फीत यंत्राला चिकटते आहे, आणि अशा फिती हाताळण्याचा अनुभव असलेले कोणी नाशिकमध्ये असल्यास त्यांनी आपल्या वृत्तपत्रामार्फत कळवावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक,
गंगापूर रोड, नाशिक